दहा टक्के जखम

आपल्या कातडीच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजनचे धागे बनवायचे, जुने झाले की मोडायचे आणि बाकीचा वेळ गप्प पडून राहायचं, हा त्यांचा उद्योग. रक्ताशी त्यांचा थेट संबंध येत नाही. रक्त वाहतं ते केशवाहिन्यांच्या आतून. त्यातून झिरपून बाहेर येणाऱ्या पातळ द्रवावर यांचं भागतं. मग एखाद्या दिवशी विळीवर बोट कापतं. केशवाहिन्या फुटतात, रक्त या पेशींच्या अंगावर येतं, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि पोटात साठवलेले रेणू भराभरा बाहेर ओततात. फायब्रिनची जाळी धरते, गुठळी होते, आणि ती गुठळी आक्रसली की तिच्यातून पिवळसर पाणी सुटतं. ते सीरम.

रक्त गोठू न देता त्यातल्या पेशी काढून टाकल्या तर उरतो प्लाझ्मा. रक्त गोठल्यावर उरतं ते सीरम. शाळेच्या पुस्तकात हा फरक एका ओळीत उरकलेला असतो: प्लाझ्मातून फायब्रिनोजेन (फायब्रिन ज्यापासून बनतं ते प्रथिन) वजा केलं की सीरम. वजाबाकी बरोबर आहे, पण बेरीज सांगायची राहून जाते. गोठताना प्लेटलेट्सनी जे काही ओतलं ते सीरममध्ये मुबलक असतं, प्लाझ्मात जवळजवळ नसतं. कातडीतल्या फायब्रोब्लास्टची आणि सीरमची गाठ पडते ती एकाच प्रसंगी, कुठेतरी कापलंय तेव्हा.

आणि आम्ही पेशी वाढवणारे लोक काय करतो? याच पेशी प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये घालतो, वर मीडिया, म्हणजे पेशींना जगवणारा लालसर द्रव, ओततो आणि त्यात दहा टक्के सीरम घालतो. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. मग त्यांना ‘नॉर्मल’ म्हणतो.

(पुण्यात ‘मी सीरमवर काम करते’ असं म्हटलं की समोरच्याला हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट आठवते आणि तो पुतण्याचा बायोडेटा पाठवू का विचारतो. ते सीरम वेगळं.)

बाटली पाचशे मिलीची असते. उणे वीसच्या फ्रीजरमधून काढून ती रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यायची. घाईघाईने गरम पाण्यात सोडली तर गाळ धरते. वितळताना तिच्यात थर दिसतात, वर फिकट आणि तळाशी गडद मधाळ. हलक्या हाताने फिरवून एकजीव करायची, फेस येऊ द्यायचा नाही. बऱ्याच लॅबमध्ये मग ती ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतात. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं निष्क्रिय व्हावीत म्हणून हे सुरू झालं. आज बहुतेक पेशींना त्याची गरज नसते, आणि त्या उष्णतेने सीरममधल्या इतर कशाकशाचं काय होतं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आधीच्या बॅचने केलं म्हणून पुढची बॅच करते. शेवटी हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापुढे, बसून ४५० मिली डीएमईएम या तयार मीडियात ५० मिली सीरम मिसळायचं, बाटलीवर तारीख आणि आद्याक्षरं घालायची. या मिश्रणाला आमच्याकडे ‘कम्प्लीट मीडिया’ म्हणतात. सीरम नसेल तर ते अपूर्ण, हे नावातच गृहीत धरलेलं.

हे सीरम गाईच्या गर्भाचं असतं. कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली तर गर्भाच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात, ते गोठू देतात, आणि सुटलेलं सीरम गाळून बाटल्यांत भरतात. बाटलीवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका असं कुठलंतरी मूळ छापलेलं असतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे पाच लाख लिटर असं सीरम तयार होत होतं आणि त्यासाठी दहा लाखांहून जास्त गर्भ लागत होते. गर्भाचंच का, याचं एक कारण आपल्याकडच्या कुणाही दूधवाल्याला सहज कळेल. गाईच्या वारेतून अँटिबॉडी वासराकडे जात नाहीत. वासरू जवळपास अँटिबॉडीविना जन्मतं आणि त्या त्याला पहिल्या चिकातून मिळतात. ज्या चिकाचा आपण खरवस करतो, त्याच चिकातून. म्हणून गर्भाच्या सीरममध्ये अँटिबॉडी फार कमी, आणि पेशींना वाढा, वाढा म्हणणारे रेणू भरपूर.

ही पद्धत रुळली ती १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला थिओडोर पक यांनी गर्भाचं सीरम वापरल्यानंतर. त्याआधी जो तो आपापल्या हातखंड्याने काहीतरी शिजवत असे. १९५१ मध्ये बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी (आजच्या ‘हीला’) वाढल्या त्या कोंबडीचा प्लाझ्मा, गाईच्या भ्रूणाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतल्या रक्ताचं सीरम यांच्या मिश्रणात. त्याच जॉर्ज गाय यांच्याकडे पुण्याच्या कमल रणदिवे शिकून आल्या, आणि परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या आणि त्यांचे सहकारी मीडिया आणि इतर द्रावणं तिथेच तयार करत होते. आज आम्ही सेल लाइन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी, हवी झाली की पुण्यातल्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या रिपॉझिटरीकडे मागणी नोंदवतो, मीडिया कॅटलॉगमधून मागवतो आणि पार्सल उशिरा आलं म्हणून कुरकुरतो.

आमच्या लॅबमधली एक मुलगी मध्यंतरी वेस्टर्न ब्लॉट (पेशीतलं एखादं प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) घेऊन आली. पेशींना ईजीएफ हा वाढघटक द्यायचा आणि आतलं ईआरके नावाचं प्रथिन जागं होतं का पाहायचं, असा साधा प्रयोग. ईआरकेवर फॉस्फेटचे गट चढले की ते जागं. तेवढंच ओळखणारी अँटिबॉडी मिळते, तिने पट्टी काळी दिसते. तिच्या सगळ्या पट्ट्या काळ्या होत्या.

“मॅम, अनट्रीटेड लेनमध्येही बँड आलाय. तिथे तर काहीच दिलं नव्हतं.”

“मीडिया कुठला होता?”

“नेहमीचा. कम्प्लीट.”

“म्हणजे सीरम होतंच की.”

“हो, पण ते सगळ्या लेन्समध्ये सारखंच होतं ना!”

तिचं म्हणणं तर्काला धरून आहे. शाळेपासून आपण हेच शिकतो: एक गोष्ट बदला, बाकीच्या सारख्या ठेवा, फरक दिसेल तो त्या एका गोष्टीचा. पण सारखी ठेवलेली गोष्ट शांत असेल तरच हे चालतं. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून कुणी कानात काही सांगितलं आणि ते ऐकू आलं नाही, तर सांगणारा बोललाच नाही असं कसं म्हणणार? तिच्या पेशींमधलं ईआरके सीरमनेच इतकं जागं करून ठेवलं होतं की वरून दिलेल्या ईजीएफला दाखवायला काही शिल्लकच नव्हतं.

उपाय सगळ्यांना माहीत असतो. आदल्या संध्याकाळी सीरम काढून घ्यायचं, रात्रभर पेशी उपाशी ठेवायच्या, सकाळी ईजीएफ द्यायचं, पाच-दहा मिनिटांत प्लेट बर्फावर ठेवून सगळं थांबवायचं. याला ‘स्टार्व्ह करणं’ म्हणतात. तिने पुढच्या वेळी तसंच केलं आणि ब्लॉट छान आला. तिचं काम झालं. मला मात्र तिचा ‘काहीच दिलं नव्हतं’ हा शब्दप्रयोग बरेच दिवस पुरला.

सीरममध्ये नेमकं काय असतं, हा प्रश्न विचारणाऱ्यांची एक परंपराच आहे, आणि पेशींच्या सिग्नलिंगबद्दल, म्हणजे बाहेरचे संदेश पेशीच्या आत कसे पोचतात याबद्दल, आज आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग या परंपरेतून आलेला आहे. प्रयोगाचा साचा जवळपास तोच: पेशींना उपाशी ठेवा, सीरम द्या, आत काहीतरी हलतं, ते हलवणारा सीरममधला पदार्थ कुठला ते हुडका.

यातला माझा आवडता प्रयोग सिएटलच्या रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९७४ चा. त्यांना धमन्यांच्या भिंती जाड का होतात हे जाणून घ्यायचं होतं. माकडाच्या धमनीतल्या गुळगुळीत स्नायूंच्या पेशी त्यांनी दोन तऱ्हेच्या सीरममध्ये वाढवल्या. एक नेहमीचं, अख्खं रक्त गोठवून काढलेलं. दुसऱ्यात आधी प्लेटलेट्स काढून टाकल्या आणि मग उरलेल्या प्लाझ्मात कॅल्शियम घालून तो गोठवला. प्रथिनं तीच, क्षार तेच, गोठणंही झालेलं. पहिल्या सीरममध्ये पेशी भराभर वाढल्या, दुसऱ्यात जिवंत राहिल्या पण फारशा वाढल्या नाहीत. दुसऱ्यात प्लेटलेट्सचा अर्क घातला की पुन्हा वाढ. सीरमची जी ताकद आपण ‘पोषण’ समजत होतो, तिचा मोठा वाटा प्लेटलेट्सनी ओतलेल्या मालाचा होता. त्या मालातून पुढे पीडीजीएफ हे प्रथिन वेगळं केलं गेलं. मला या प्रयोगात आवडतं ते त्याचं कंट्रोल, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो गट. सीरम आहे आणि सीरम नाही, अशी तुलना त्यांनी केली नाही. जखमेची बातमी असलेलं सीरम आणि बातमी नसलेलं सीरम, अशी केली. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी आपण रोजच्या कामात हे कंट्रोल वापरत नाही. ते करायला कटकटीचं आहे, एवढंच कारण.

१९८४ मध्ये ग्रीनबर्ग आणि झिफ यांनी दाखवलं की उपाशी थ्रीटीथ्री पेशींना (उंदराच्या फायब्रोब्लास्टची एक सेल लाइन) सीरम किंवा पीडीजीएफ दिलं की सी-फॉस हा जीन मिनिटांत बोलू लागतो. तो कसा चालू होतो याचा माग काढताना इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये रिचर्ड ट्रायझमन यांना जीनच्या अलीकडे डीएनएचा एक छोटा तुकडा आणि त्याला बिलगणारं प्रथिन सापडलं. त्या प्रथिनाला नाव मिळालं सीरम रिस्पॉन्स फॅक्टर. आपल्या प्रत्येकाच्या हृदयाचे स्नायू घडण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनाची ओळख अशी फ्रीजरमधल्या बाटलीवरून ठरली, याची मला अजूनही गंमत वाटते.

मग आकाराची गोष्ट. उपाशी ठेवलेल्या स्विस थ्रीटीथ्री पेशी रंग जोडलेल्या फॅलॉइडिनने रंगवून पाहिल्या तर पेशीला आकार देणारे आतले अॅक्टिनचे धागे विरळ दिसतात, पेशी सैलावलेली. सीरम द्या, काही मिनिटांत जाडजूड समांतर दोर पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणले जातात. मायक्रोस्कोपखाली हे पहिल्यांदा पाहणाऱ्या कुणाचंही लक्ष आधी त्या दोरांवरच जातं. १९९२ मध्ये अॅन रिडली आणि अॅलन हॉल यांनी दाखवलं की हे दोर ताणण्याचा हुकूम ऱ्हो या छोट्या प्रथिनाकडून येतो, आणि सीरममधला ऱ्होला उठवणारा पदार्थ मेदवर्गातला आहे: लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल, म्हणजे एलपीए. तो अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून आलेला असतो. अल्ब्युमिन हे सीरममधलं सगळ्यात मुबलक प्रथिन. सगळे त्याला ‘निव्वळ वाहक’ समजतात, पण पाठीवर काय घेऊन आलंय ते पाहिल्याशिवाय तसं म्हणता येत नाही.

आणि अगदी अलीकडची, २०१२ ची. पेशींची संख्या आणि अवयवाचा आकार यांना लगाम घालणारी हिप्पो नावाची सिग्नलिंग साखळी तेव्हा गाजत होती. तिच्या टोकाला याप हे प्रथिन. याप केंद्रकात गेलं की वाढ, बाहेर अडकलं की थांबा. माश्यांपासून माणसांपर्यंत साखळीतल्या बहुतेक कड्या माहीत झाल्या होत्या, पण तिला बाहेरून हलवणारा संदेश कुठला ते कळत नव्हतं. सॅन दिएगोच्या कुन-लियांग ग्वान यांच्या गटाच्या लक्षात आलं की सीरम काढलं की याप फॉस्फेट चढून बाहेर अडकतं, आणि सीरम दिलं की सुटून केंद्रकात जातं. मग नेहमीची शोधाशोध. सीरममधला तो पदार्थ पुन्हा एलपीएच निघाला, सोबतीला त्याचं भावंड शोभेल असं एसवनपी, तेही मेदवर्गातलंच. याचा उलटा अर्थ त्या काळी हिप्पोवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मनाशी घोळवला असणार: कम्प्लीट मीडियात केलेल्या आपल्या प्रयोगांमध्ये यापची तार आधीच कुणीतरी ओढून धरलेली होती.

एलपीए आणि एसवनपी प्लाझ्मात कमी असतात, सीरममध्ये कितीतरी जास्त. एसवनपी जाग्या झालेल्या प्लेटलेट्स सोडतात, एलपीए गोठण्याच्या धामधुमीत एका एन्झाइमकडून तयार होतं. फिरून आपण कापलेल्या बोटापाशीच येतो.

हे सगळं एका चित्रात पाहायला मिळालं ते १९९९ मध्ये. हजारो जीन्सची हालचाल एकदम मोजणारे डीएनए मायक्रोअॅरे तेव्हा नवीन होते. स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक ब्राउन यांच्या प्रयोगशाळेत विश्वनाथ अय्यर आणि सहकाऱ्यांनी माणसाचे फायब्रोब्लास्ट उपाशी ठेवले, मग दहा टक्के सीरम दिलं आणि पुढच्या २४ तासांत सुमारे ८,६०० जीन्सपैकी कोण कधी बोलतं, कोण गप्प होतं ते टिपलं. प्रयोग पेशी विभाजन समजून घेण्यासाठीचा वाटावा असा. विभाजनाचे जीन्स दिसलेही. पण त्यांच्याबरोबर रक्त गोठवण्याचे, दाह सुरू करण्याचे, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावण्याचे, त्वचेच्या पेशींना सरकून जागा भरायला लावण्याचे जीन्स झुंडीने उठले. पेशींना कुणीही जखमेबद्दल सांगितलेलं नव्हतं. निदान प्रयोग करणाऱ्यांना तसं वाटत होतं. फ्लास्कमध्ये ना रक्त, ना कातडी. तरी फायब्रोब्लास्टने सीरम ओळखलं आणि दुरुस्तीचं सगळं सामान बाहेर काढलं.

पुढे २००४ मध्ये हॉवर्ड चँग यांनी याच प्रतिसादातून विभाजनाचे जीन्स गाळले आणि उरलेली ‘जखमेची सही’ कर्करोगाच्या गाठींमध्ये शोधली. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या ज्या गाठींमध्ये ती सापडली, त्या पसरण्याची शक्यता जास्त होती. पॅथॉलॉजिस्ट हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलं होतं की गाठी म्हणजे बऱ्या न होणाऱ्या जखमा आहेत. आणि त्याच्याही तीन वर्षं आधी, माकडात गाठी करणाऱ्या एका विषाणूचा सिस हा जीन पीडीजीएफच्याच घराण्यातला निघाला होता. म्हणजे तो विषाणू पेशीला स्वतःचं स्वतः सीरम बनवायला शिकवतो. कर्करोगाच्या पेशी कमी सीरमवर का भागवतात, हे त्यानंतर फारसं गूढ राहिलं नाही.

आता माझं मत. सीरम हा मीडियाचा घटक मानायची सवय आपण सोडावी. तो प्रयोगातला एक उपचार आहे, औषध द्यावं तसा. आणि त्याचा डोस आपण ‘दहा टक्के’ एवढ्याच मोघम भाषेत लिहितो. कुठलंही औषध असं लिहून दिलं तर फार्मसीवाला परत पाठवेल. एका लॉटमध्ये (एकदम भरलेल्या बाटल्यांच्या खेपेत) पीडीजीएफ किती, टीजीएफ-बीटा हा दुसरा वाढघटक किती, एलपीए किती, संप्रेरकं किती, हे दुसऱ्या लॉटशी जुळायचं काहीच कारण नाही. ती वेगळ्या गाईंची, वेगळ्या ऋतूंची, वेगळ्या महिन्यांच्या गर्भांची सरमिसळ असते. म्हणून शहाण्या लॅब आधी नमुने मागवतात, आपल्या पेशींवर वाढवून पाहतात, पसंत पडलेल्या लॉटच्या बाटल्या फ्रीजर भरून घेऊन ठेवतात आणि पेपरमध्ये लॉट नंबर लिहितात. बाकीच्या लॅब कुलूप लावलेल्या फ्रीजरमधून जी हाताला लागेल ती बाटली काढतात.

स्टार्व्ह करणं हाही सरळ उपाय नाही. उपाशी पेशी विश्रांती घेते असं आपण धरून चालतो. तिचा एमटीओआर (वाढीचा वेग ठरवणारं प्रथिन) थंडावतो, प्रथिनं बनवणं मंदावतं, काही पेशी मरतात, आणि उरतात त्या उपाशीपोटी तग धरणाऱ्या. अशा पेशीवर सकाळी सीरम ओतलं की आपण बनवतो ती जखम, अगदी हुबेहूब. जखमेचा अभ्यास करायचा असेल तर याहून चांगला प्रयोग नाही. पण निरोगी ऊतीत एरवी काय चालतं हे विचारायचं असेल, तर उपवास आणि जखम या दोन्ही टोकांमधून उत्तर मिळत नाही. २००३ मध्ये दाखवलं गेलं की माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी माणसाच्या सीरममध्ये सरकू लागतात आणि प्लाझ्मात सरकत नाहीत. त्यांनाही हा फरक कळतो. आम्हीच तो पुस्तकातल्या एका ओळीत उरकतो.

सगळा दोष सीरमचाच असतो असंही नाही. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना इस्ट्रोजेनचे ग्राहक (त्याचा संदेश झेलणारी प्रथिनं) भरपूर, तरी कित्येक प्रयोगशाळांत इस्ट्रोजेन दिलं तर त्यांची वाढ काही वाढेना. इस्ट्रोजेनविरोधी औषधाने मात्र वाढ घटायची, इस्ट्रोजेन दिलेलं नसतानाही. कोळशाने सीरममधली स्टेरॉइड संप्रेरकं शोषून काढली, तरी तेच. १९८६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात बेनिता काट्झेनेलेनबोगन यांच्या गटाने चोर पकडला तो मीडियाच्या लाल रंगात. फिनॉल रेड. आम्ल वाढलं की पिवळा पडून ‘मीडिया बदला’ म्हणून सांगणारा तो निरुपद्रवी रंग थोडासा इस्ट्रोजेनसारखा वागत होता. (नंतर कळलं की खरी करामत त्या रंगातल्या एका अशुद्धीची.) तेव्हापासून संप्रेरकांवर काम करणारे रंगहीन मीडिया आणि कोळशातून काढलेलं सीरम वापरतात. पण कोळसा फक्त इस्ट्रोजेन वेचून घेत नाही. मेदवर्गातलं जे सापडेल ते ओढतो, आणि मग त्या पेशींच्या इतर तारा सैल पडल्या तर तो परिणाम इस्ट्रोजेनच्या खात्यावर जमा होतो.

सीरम हुडकून हुडकून त्याची गरजच संपवल्याची उदाहरणंही आहेत. उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम पेशी वर्षानुवर्षं सीरम आणि एलआयएफ या प्रथिनावर जगवल्या जात. २००३ मध्ये एडिंबरामध्ये ऑस्टिन स्मिथ यांच्या गटाने दाखवलं की त्यात सीरमचं काम बीएमपी हे प्रथिन एकटं करू शकतं. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाच्या बाबतीत २००६ मध्ये दिसलं की रुग्णाच्या गाठीतल्या पेशी सीरममध्ये वाढवल्या तर त्या मूळ गाठीपासून फार दूर जातात. सीरमशिवाय, ईजीएफ आणि बीएफजीएफ या दोन वाढघटकांवर वाढवल्या तर बऱ्याच जवळ राहतात. सीरममध्ये वाढलेल्या त्या पेशींवर तपासलेल्या औषधांचा विचार केला की पोटात गोळा येतो.

गाईला पर्याय म्हणून हल्ली माणसाच्या प्लेटलेट्सचा अर्क पुढे केला जातो. रक्तपेढीत प्लेटलेट्स पाच दिवसच टिकतात. मुदत संपलेल्या पिशव्या गोठवून-वितळवून फोडायच्या आणि आतला माल वापरायचा. रुग्णाला परत द्यायच्या पेशी वाढवायला हे उत्तम, कारण गाईची प्रथिनं त्यात येत नाहीत. नैतिकदृष्ट्याही मला ते केव्हाही पटतं. सिग्नलिंगच्या दृष्टीने मात्र हा जखमेचा घट्ट काढा आहे, आणि ‘सीरम-फ्री’ असं लेबल लावलेलं असलं तरी पेशी लेबल वाचत नाहीत.

माझ्या एका सहकाऱ्याला हे सगळं अतिरंजित वाटतं. “हीला पेशी सत्तर वर्षं सीरममध्ये आहेत,” तो म्हणतो. “त्यांना कसली आलीय जखम? त्यांचं तेच गाव.” हीलाबद्दल तो बरोबर असेल. त्या कधीच्याच दुसऱ्या कुणी झाल्या आहेत. पण आमच्याकडे आता शस्त्रक्रियेत उरलेल्या कातडीच्या तुकड्यांमधून ताजे फायब्रोब्लास्ट येणार आहेत, रुग्णाच्या संमतीने. त्यांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून आपल्या हातात आहे. निम्म्या पेशी नेहमीच्या कम्प्लीट मीडियात, निम्म्या सीरमशिवाय ठरावीक घटकांच्या मीडियात, एवढ्यावर आमचं एकमत झालं. अडलं ते ‘कंट्रोल’ कुणाला म्हणायचं यावर. तो म्हणतो सीरमवाल्यांना, कारण जगभरचे पेपर त्यावर उभे आहेत आणि रिव्ह्यूअर तेच मागणार. मी म्हणते बिनसीरमवाल्यांना, कारण निरोगी कातडीत सीरम नसतं.

“तुझ्या त्या मीडियात इन्शुलिन किती आहे, पाहिलंस का?” त्याने विचारलं.

पाहिलं होतं. मिलीलिटरला दहा मायक्रोग्रॅम, सगळे घालतात तेवढंच. उपाशीपोटी तुमच्या-माझ्या रक्तात असतं त्याच्या हजारो पट. एवढ्या इन्शुलिनने एकेटी आणि एमटीओआर या वाढीच्या तारा झणझणत राहतात, शिवाय ते आयजीएफ या इन्शुलिनसारख्या वाढघटकाच्या ग्राहकावरही जाऊन बसतं. म्हणजे सीरमचा डीजे बंद करून मी दुसऱ्या मंडळाचा लावला, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सध्या तिसरा फ्लास्क वाढवलाय, इन्शुलिन शंभरपट कमी करून. तो म्हणतो त्यात पेशी जगणार नाहीत. बघू.